ख्रिस्ताच्या देवत्वाचा प्रश्न आणि तीन मराठी विद्वान

भोपाळहून इंदूरच्या वाटेने निघाले म्हणजे सुमारे ४० किलोमीटरांवर सीहोर लागते. आज ते जिल्ह्याचे ठाणे आहे. एकोणिसाव्या शतकात भोपाळ संस्थानावर देखरेख ठेवणारा इंग्रज पोलिटिकल एजंट तेथे राहत असे, आणि त्याच्या बंगल्याच्या आसऱ्याने छावणी, पाठशाळा व प्रार्थनामंदिर अशी एक निराळीच वस्ती तेथे उभी राहिली होती. भोपाळातील मराठी मंडळी कामानिमित्त या गावावरून नित्य जातात येतात. परंतु ख्रिस्ती धर्माच्या मूळ सिद्धांतांना संस्कृत भाषेत जी पहिली पंडिती उत्तरे दिली गेली, त्यांपैकी एकाचा संबंध या गावाशी जोडला जातो, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असेल. प्रस्तुत लेखकालाही ती फार उशिरा कळली. इतिहासाचा तास घेताना एका विद्यार्थ्याने, 'आपल्याकडच्या शास्त्र्यांनी येशू ख्रिस्ताविषयी कधी नीट विचार केला होता काय, की नुसताच विरोध केला?' असा प्रश्न विचारला. त्याचे उत्तर देण्यासाठी जो शोध घेतला, त्यातून हा लेख सिद्ध झाला आहे.

प्रश्न साधा दिसतो, पण तसा तो नाही. धर्मांतराच्या इतिहासाविषयी आपल्याकडे दोन ठोकळेबाज कल्पना रूढ आहेत. जे ख्रिस्ती झाले ते लोभाने किंवा भुलीने झाले, ही एक. आणि ज्यांनी विरोध केला ते केवळ जुन्या रूढीला चिकटून राहिलेले होते, ही दुसरी. दोन्ही कल्पनांमध्ये एक गोष्ट समान आहे. या माणसांनी विचार केला असेल, ही शक्यताच त्या मान्य करीत नाहीत. म्हणून तीन मराठी विद्वानांची उदाहरणे येथे क्रमाने पाहावयाची आहेत. पहिल्याने ख्रिस्ती मत नाकारले, दुसऱ्याने आधी नाकारून मग स्वीकारले, आणि तिसऱ्या व्यक्तीने स्वीकारल्यानंतर त्याच्याशी वाद घातला.

प्रथम मूळ सिद्धांत कोणता ते पाहू. नासरेथचा येशू हा केवळ साधुपुरुष किंवा प्रेषित नसून तो प्रत्यक्ष देव होय, आणि मनुष्याचे तारण त्याच्या स्वतःच्या पुण्याईने न होता येशूवरील विश्वासाने होते, असे ख्रिस्ती धर्माचे सांगणे आहे. हे दोन्ही सिद्धांत ख्रिस्ती जगातही वादावाचून स्थिर झालेले नाहीत. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून पित्याहून कमी, असे अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणू लागला, तेव्हा इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे धर्मसभा भरली आणि पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असा निर्णय झाला. पुढे इ. स. ४५१ मध्ये खाल्किदोन येथील सभेने ख्रिस्त हा पूर्ण देव आणि पूर्ण मानव असल्याचे ठरविले. दुसऱ्या सिद्धांतावर सोळाव्या शतकात युरोपचे दोन तुकडे झाले. १५१७ साली मार्टिन लूथरने ज्या वादाला तोंड फोडले, त्याच्या मुळाशी मनुष्य कर्माने नीतिमान ठरतो की केवळ विश्वासाने, हाच प्रश्न होता.

हिंदू वाचकाला यातील काही भाग प्रथमदर्शनी परिचयाचा वाटतो. ईश्वर मनुष्यरूपाने येतो, ही अवताराची कल्पना त्याच्या घरचीच आहे. कर्मकांडापेक्षा भक्ती श्रेष्ठ, हे तो लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलेला असतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे अचूक ओळखले होते. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेसुइटाने सासष्टीत राहून मराठी आत्मसात केली आणि १६१६ साली आपले ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापून प्रसिद्ध केले. पुराण हे नाव, ओवी हा छंद आणि संतकवींच्या वळणाची भाषा यांतून त्यांनी अपरिचित मत परिचित वस्त्रात आणले. परंतु हे वस्त्र बाजूला सारले की अडचण उघडी पडते. अवतार अनेक मानता येतात, ख्रिस्त एकच. अवतार युगायुगांतून होतात. ख्रिस्ताचा जन्म मात्र रोमन अंमलाखालील एका लहानशा देशात, एका ठराविक काळी झाला, आणि सर्व मानवजातीचे तारण त्या एका घटनेवर अवलंबून आहे, असे हे मत सांगते. येथे पंडिताने विचारावे असा प्रश्न एकच उरतो: याला प्रमाण काय?

सीहोरची हकीकत आता पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात लान्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी तेथे होता. संस्कृत ज्योतिषाचा त्याला मोठा नाद. भास्कराचार्यांसारख्यांच्या सिद्धांतग्रंथांच्या आधारे एतद्देशीयांना पाश्चात्त्य खगोलविद्येपर्यंत नेता येईल, अशी त्याची धारणा होती आणि ती त्याने १८३४ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडली. त्याच्या पाठशाळेभोवती जे पंडितमंडळ जमले त्यात मराठी विद्वान होते. पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेत गणिताचे अध्यापक म्हणून कीर्ती मिळविणारे बापूदेवशास्त्री यांचे काही शिक्षण सीहोरलाच झाले. सुबाजी बापू यांचे नाव मात्र आज जवळजवळ विस्मृतीत गेले आहे. त्यांनी १८३६ साली 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ मराठीत लिहून पुराणांतील भूगोल व खगोल यांविषयीच्या कल्पना सिद्धांतग्रंथांच्या आधारे दुरुस्त केल्या. साहेबाच्या सहवासातला हा पंडित साहेबाच्या प्रत्येक मताला मान तुकविणारा होता असे मात्र नव्हे. अश्वघोषाच्या नावावर असलेली, जातिभेदाचे खंडन करणारी 'वज्रसूची' विल्किन्सनने छापावयास घेतली, तेव्हा सुबाजी बापूंनी तिला 'लघुटंक' नावाचे उत्तर लिहिले. १८३९ साली खंडन आणि उत्तर ही दोन्ही एकाच पुस्तकात प्रसिद्ध झाली. त्यांच्या 'लघुटंका'तील जातिभेदाचे समर्थन आज आपल्याला पटणार नाही. परंतु वादाची ती शिस्त मात्र आजही हेवा वाटावा अशी आहे.

याच १८३९ साली जॉन म्यूर या स्कॉटिश मुलकी अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला. गुरु आणि शिष्य यांच्या संवादातून ख्रिस्ती मत हेच खरे मत कसे, ते त्यात श्लोकबद्ध सांगितले आहे. खऱ्या धर्माच्या त्याने तीन कसोट्या दिल्या: धर्मसंस्थापकाच्या अंगी अलौकिक कृत्ये करण्याचे सामर्थ्य असावे, त्याची शिकवण पवित्र असावी, आणि त्याचे शास्त्र सर्व मानवांसाठी असावे. या ग्रंथाला संस्कृतात तीन उत्तरे आली. त्यांतील पहिले, 'मतपरीक्षाशिक्षा', त्याच वर्षी सोमनाथ या नावाने लिहिले गेले. हा सोमनाथ म्हणजे सीहोरचे सुबाजी बापूच असावेत, असे अनुमान रिचर्ड फॉक्स यंग या संशोधकाने १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात साधार मांडले आहे.

सोमनाथाचा सूर तिन्ही उत्तरांत सर्वांत सौम्य आहे. त्याने ख्रिस्ताची निंदा केली नाही. मनुष्यांचे अधिकार भिन्न, म्हणून ईश्वराने त्यांच्यासाठी मार्गही भिन्न निर्माण केले. ज्याने त्याने आपल्या मार्गाने जावे, दुसऱ्याचा मार्ग खोटा म्हणू नये, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. ख्रिस्त हा ख्रिस्ती लोकांचा तारक असेल, पण तेवढ्यावरून तो सर्वांचा एकमेव तारक ठरत नाही. ही भूमिका आपल्याला आज इतकी सहज वाटते की तिच्यात काही विचार करण्यासारखे आहे, हेच आपण विसरतो. तिचे बळ सौजन्यात आहे आणि तिची उणीवही तेथेच आहे. ख्रिस्त देव होता काय, या प्रश्नाला सोमनाथ उत्तर देत नाही. तो प्रश्न विचारण्याची गरजच उरू नये अशी व्यवस्था करतो. ज्याला स्वतःपुरते सत्य हवे आहे त्याचे एवढ्याने भागते. सर्वांना लागू असणारे सत्य ज्याला हवे आहे, त्याचे भागत नाही. दुसरा विद्वान या जातीचा होता.

नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ साली झांशीजवळच्या काशीपुरा या गावी एका चित्पावन कुटुंबात झाला. बुंदेलखंडातील बांद्याच्या नवाबाच्या पदरी या घराण्याची प्रतिष्ठेची नोकरी होती. नीलकंठ काशीत वाढले आणि ऐन विशीत तेथील शास्त्रीमंडळीत त्यांचे नाव झाले. म्यूरच्या ग्रंथाला तिसरे उत्तर लिहिणारे हेच. १८४४-४५ च्या सुमारास त्यांनी रचलेला 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ पुढे शंभरावर वर्षांनी, १९५१ साली, उज्जैनच्या सिंदिया प्राच्य संस्थेने सदाशिव कात्रे यांच्याकडून संपादित करवून प्रसिद्ध केला. आपल्या माळव्याने या वादाच्या इतिहासावर केलेला हा एक उपकारच म्हटला पाहिजे.

तरुण नीलकंठांचा मुद्दा सोमनाथाहून कठोर आहे. नुसत्या तर्काने धर्मनिर्णय होत नाही. शास्त्रावर आधी श्रद्धा हवी, तर्काने तिच्यामागून चालावे, असे ते म्हणतात. श्रद्धाहीन तर्क कोणतेही शास्त्र मोडू शकतो, मग त्याच्यापुढे बायबल तरी कसे टिकेल? ख्रिस्ती मतावरील त्यांचा मुख्य आक्षेप न्यायाविषयीचा आहे. पूर्वजन्म न मानता एक मूल आंधळे जन्मते आणि दुसरे डोळस, याची वाट कशी लावणार? कर्मसिद्धांत सोडला तर ही विषमता ईश्वराच्याच माथी येते. एका जन्मातील विश्वासावर वा अविश्वासावर जर सर्व भवितव्य ठरावयाचे असेल, तर तो ईश्वर दयाळू कसा म्हणावा? हे आक्षेप पोरकट नव्हते. युरोपातील धर्मचिंतकांनाही ते वेळोवेळी सतावीत आले आहेत.

अशा शस्त्रांनी सज्ज होऊन हा तरुण पंडित विल्यम स्मिथ या काशीतील मिशनऱ्याला वादात जिंकावयास गेला. परिणाम उलटा झाला. वाद घालण्यासाठी म्हणून त्याने बायबल वाचावयास घेतले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्याच्या मनाची पकड घेतली. १४ मार्च १८४८ रोजी काशीपासून दूर, जौनपूर येथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि नीलकंठाचा नेहेम्या नीलकंठ गोरे झाला. त्याने जे गमावले त्याची मोजदाद करणे अवघड आहे. घर दुरावले, काशीच्या विद्वत्समाजातील स्थान गेले. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्याच्या धर्मात आली. परंतु १८५३ साली, मुलीच्या जन्मानंतर लवकरच, तिचा अंत झाला. ती मुलगी म्हणजे पुढे इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून प्रसिद्धी पावलेली एलन लक्ष्मी गोरे.

यापुढचा गोऱ्यांचा ग्रंथप्रवास मोठा मननीय आहे. श्रद्धेवाचून तर्क व्यर्थ असे म्हणणाऱ्या या माणसाने १८६० साली हिंदीत 'षड्दर्शनदर्पण' लिहिला आणि त्यात सहाही दर्शनांची केवळ तर्काच्या बळावर झडती घेतली. त्याचे इंग्रजी भाषांतर फिट्झएडवर्ड हॉल यांनी १८६२ साली प्रसिद्ध केले. ईश्वराच्या न्यायाविषयी ज्याने तारुण्यात एवढे आक्षेप घेतले, त्याच लेखणीने १८६८ साली अनंतकालीन शिक्षेच्या ख्रिस्ती सिद्धांताचे समर्थन करणारे पुस्तक लिहिले. यात विसंगती पाहणे सोपे आहे. आमच्या मते येथे एक सूत्र अखंड आहे. गोऱ्यांना आयुष्यभर शब्दप्रमाण हवे होते. मनुष्याची बुद्धी ईश्वराचे स्वरूप स्वबळावर जाणू शकत नाही. ईश्वरानेच ते सांगितले पाहिजे. तारुण्यात त्यांना ते वचन वेदांत सापडले होते, पुढे बायबलात सापडले. प्रमाणग्रंथ बदलला, प्रमाणाची भूक बदलली नाही.

यामुळेच ब्राह्मोसमाज व प्रार्थनासमाज यांच्याशी त्यांचा वाद विशेष तिखट झाला. ईश्वर हा प्रेमळ पिता आहे, तो पापाची क्षमा करतो, असे हे समाज सांगत. पण कोणताही ग्रंथ ईश्वरदत्त मानीत नसत. गोरे विचारीत: ही पित्याची कल्पना तुम्हांला कोठून मिळाली? ती तुम्ही बायबलातून घेतली आहे. मग फळ ठेवून झाड तोडता कसे? ख्रिस्त केवळ थोर गुरु होता असे म्हणणाऱ्यांनाही त्यांचे उत्तर याच धर्तीचे होते. ख्रिस्ताच्या देवत्वाची प्रमाणे मांडणारे एक पत्ररूप लेखनही त्यांनी प्रसिद्ध केले. आणि इतके करूनही त्यांच्या स्वतःच्या मनाला पूर्ण स्वस्थता कधी लाभली नाही. १८७० साली धर्मगुरूची पूर्ण दीक्षा मिळालेला हा वैराग्यशील मनुष्य शंकांनी पोळत राहिला, असे त्यांचे चरित्रकार गार्डनर यांनी लपवून ठेवलेले नाही. संन्यस्त ख्रिस्ती मंडळात ते उमेदवार म्हणून राहिले, पण कायमचे व्रत त्यांनी घेतले नाही. १८९५ साली मुंबईत त्यांचा अंत झाला. विश्वास म्हणजे शंकेचा अभाव, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती गोऱ्यांच्या चरित्रापुढे टिकत नाही.

पुण्यात गोऱ्यांच्या बोलण्याचा ठसा जिच्या मनावर खोल उमटला, ती तिसरी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ साली जन्मली. आईबापांबरोबर तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरण्यात तिचे बालपण गेले. दुष्काळात आईबाप आणि बहीण यांचे मृत्यू तिने पाहिले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८२ च्या आरंभी वैधव्य आले, आणि त्याच वर्षी पुण्यात येऊन तिने आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ साली लहानग्या मनोरमेसह ती इंग्लंडला गेली आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथील सेंट मेरी मठात माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला.

बाईंनी ख्रिस्त का स्वीकारला, याची त्यांनी पुढे स्वतः सांगितलेली हकीकत ध्यानात घेण्याजोगी आहे. वाँटेजच्या भगिनी लंडनमध्ये पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत होत्या. ज्या स्त्रियांना समाज दारात उभे करीत नाही त्यांच्याशी या भगिनी मायेने वागतात, हे बाईंना नवलाचे वाटले. कारण विचारता त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखविण्यात आली. ख्रिस्ताचे वेगळेपण त्यांना प्रथम पटले ते येथे, एका तिरस्कृत स्त्रीशी झालेल्या त्या संभाषणात. निकेयाची सभा आणि तिचा निर्णय यांचा तेथे संबंध नव्हता.

तो संबंध लवकरच आला. १८८४ ते १८८६ या काळात बाई चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात होत्या. तेथून त्यांचा आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन आणि महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी जो पत्रव्यवहार झाला, तो जेराल्डिन यांनी जपून ठेवला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली प्रसिद्ध केला. ही पत्रे वाचताना आपण एका संस्कृत वादग्रंथाची पाने उलटीत आहोत असे वाटते. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तीन असून एक, हे त्रैक्य बायबलात कोठे सांगितले आहे? पुत्र पित्याच्या आज्ञेत वागतो, पित्याची प्रार्थना करतो, मग तो पित्याच्या बरोबरीचा कसा? येशू हा ईश्वराचा पुत्र हे मला मान्य. पण सर्वश्रेष्ठ देव म्हणून त्याची उपासना करावी, हे कोणत्या वचनावरून? अथानेशियसच्या नावाने चालणारा, न मानणाऱ्याला नाशाचे भय घालणारा मतस्वीकार मी का म्हणावा? ज्या ख्रिस्ती धर्माला माझी विवेकबुद्धी साक्ष देते तेवढाच मी स्वीकारला आहे, आणि माझी विवेकबुद्धी मी कोणा धर्मगुरूच्या स्वाधीन केलेली नाही, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे.

सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. नव्याने आलेल्या शिष्येने आधी नम्रपणे शिकावे, मग प्रश्न विचारावेत, अशी त्यांची अपेक्षा. येथे त्या बाईंवर अन्याय करीत होत्या हे खरे, तरी त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पंधराशे वर्षांच्या चिंतनाने जे ठरले ते एका व्यक्तीने दोन वर्षांच्या वाचनावर मोडीत काढावे काय, हा प्रश्न कोणत्याही परंपरेने विचारावा असाच आहे. डोरोथिया बील यांनी अधिक धीर धरला. बुद्धिमान मनाला त्याची वाट शोधू द्यावी, असे त्यांचे धोरण दिसते. या वादाला आणखी एक पदर होता, तो साम्राज्याचा. बाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे काय, यावर मुंबई व लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, माझ्या देशाची प्राचीन भाषा संस्कृत का नसावी, असे बाईंनी विचारले. ख्रिस्ताचे देवत्व एकवेळ मान्य होईल, पण ते इंग्रजांच्या हातून आले म्हणून इंग्रजांचे प्रभुत्वही धर्म म्हणून मान्य करावयाचे नाही, हा भेद त्यांच्या मनात स्वच्छ होता. इकडे महाराष्ट्रात त्यांच्या धर्मांतरावर टीकेची झोड उठली असता १८८५ साली जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, हेही नमूद केले पाहिजे.

१८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले, पुढे ते पुण्यास आले. बाईंचे नाव देशोदेशी झाले होते. आणि याच काळात, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, त्यांच्या श्रद्धेला निर्णायक वळण लागले. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना आपली उणीव त्यांना कळून आली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांचे निदान होते. तारण हे पात्रतेने मिळवावयाचे नसून ते दान आहे, आणि विश्वासाने ते फक्त घ्यावयाचे आहे, हे त्यांना पटले. ज्या त्रैक्याचा पुरावा त्या पत्रांतून मागत होत्या तो कोणी त्यांना नव्याने दिला नव्हता. अनुभवाने मात्र प्रश्नाचे स्थानच पालटले. ख्रिस्त देव आहे हे आधी सिद्ध करून मग त्याला शरण जावयाचे, हा क्रम उलटा झाला.

या विश्वासाची फळे बाहेरच्यांना दोन परस्परविरुद्ध रूपांत दिसली. १८९३ साली शारदा सदनात मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात असल्याचा बोभाटा झाला आणि रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. तटस्थ शिक्षणसंस्था म्हणून ज्यांनी साहाय्य केले होते त्यांना आपला विश्वासघात झाला असे वाटले, तर त्यात नवल नाही. शिकविणाऱ्याची जळती श्रद्धा मुलांपासून झाकून ठेवता येते काय आणि ठेवावी काय, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाला कधी ना कधी भेडसावतोच. दुसरे रूप आमच्या या प्रदेशाने पाहिले. १८९६-९७ च्या भीषण दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. स्वतःच्या आईबापांचा दुष्काळातला अंत त्या विसरल्या नव्हत्या. या मुलींसाठी केडगाव येथे जी वसाहत उभी राहिली, तिला त्यांनी नाव दिले 'मुक्ती'. तारण हा मराठी ख्रिस्ती मंडळीचा रूढ शब्द. मुक्ती हा अनंतशास्त्र्यांच्या घरातला शब्द. नाव ठेवताना कन्येच्या ओठी वडिलांचाच शब्द आला. १९२२ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी शेवटास नेले होते.

तिन्ही उदाहरणे एकत्र ठेवली म्हणजे काय दिसते? ख्रिस्ताचे देवत्व आणि विश्वासाने तारण, हे बाहेरून आलेले प्रश्न आपल्या विद्वानांनी आपल्याच प्रमाणशास्त्राच्या कसोटीवर घासले. सोमनाथाने अधिकारभेदाचा आधार घेतला, गोऱ्यांनी शब्दप्रमाणाचा, रमाबाईंनी आधी विवेकाचा आणि मग अनुभवाचा. तिघांची उत्तरे भिन्न झाली. परंतु प्रश्न कोणीही हसण्यावारी नेला नाही किंवा दुसऱ्याने सांगितले म्हणून गिळला नाही. पुढे १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे म्हटले, त्यामागेही ही तयार झालेली वाट होती.

यांतील कोणाचे उत्तर खरे, हे सांगण्याचा अधिकार इतिहासाच्या लेखकाला नाही. ख्रिस्त देव आहे काय, हे कागदपत्रांवरून ठरत नाही. त्या प्रश्नासाठी माणसांनी काय मोजले, हे मात्र कागदपत्रांवरून नक्की कळते. गोऱ्यांनी घर आणि काशी मोजली, रमाबाईंनी दोन्ही समाजांचा रोष मोजला, आणि सुबाजी बापूंनी ज्याच्या सहवासात आपली विद्या बहरली त्या साहेबाच्या धर्माला विनयाने नकार देण्याचे धैर्य दाखविले. धर्मांतर हा शब्द उच्चारताच आज आपल्याकडे आवाज चढतात. अशा वेळी या तिघांची पुस्तके एका फळीवर शेजारी शेजारी ठेवावीत, असे वाटते. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी शेवटी एवढेच सांगितले की होय, आपल्या शास्त्र्यांनी विचार केला होता, आणि तो इतका प्रामाणिकपणे केला होता की तिघे तीन ठिकाणी पोहोचले.